शिळ्या भाताबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, भाताला वास नव्हता, तार सुटली नव्हती, फोडणीही चांगली चरचरीत दिली होती. मग उलट्या कशानं झाल्या?" मी तेवढ्यापुरतं मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पी म्हणाले. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी द्यायला तुला मीच शिकवलं आणि त्यातलं अर्धं सांगायचं राहून गेलं.

तांदळाबरोबर शेतातल्या मातीतला एक जंतू येतो, बॅसिलस सेरियस नावाचा. त्याचे बीजाणू साध्या उकळीला मरत नाहीत. भात शिजून कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि काही जातींचे जंतू भातातच विष सोडतात. सकाळच्या फोडणीत जंतू मरतीलही, पण ते विष तापवून जात नाही. वासावरून, चवीवरून ते ओळखू येत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. तू नऊला खाल्लंस आणि साडेअकराला त्रास सुरू झाला, म्हणून मला त्याचाच संशय आहे. भात रात्रभर कुकरातच राहिला होता, हे तूच सांगितलंस.

मेसची नोंदणी केल्यावर मी अन्न सुरक्षेच्या प्रशिक्षणाला बसले, तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट समजलं. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचा पट्टा जंतूंना मानवतो. अन्न एक तर त्याच्या वर कढत हवं, नाही तर त्याच्या खाली गार. त्याआधी एका हिवाळ्यात रात्रीचा भात मी मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावरच ठेवला होता. पहाटे वरचा थर गारठलेला होता, पण मधोमध हात घातला तर भात चक्क कोमट! रात्रभर तो आतून तसाच उबेत होता. अख्खं पातेलं टाकून दिलं. अन्न टाकताना जीव तुटला, पण चाळीस पोरांच्या ताटात ते वाढायला हात धजला नाही.

तेव्हापासून उरलेला भात मी लगेच परातीत पसरते, पंखा लावते. थर दोन बोटांपेक्षा जाड होऊ देत नाही. वाफ गेली की पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये. हे सगळं तासाभरात, फार तर दोन तासांत उरकायचं. तुझ्याकडे परात नसेल तर दोन ताटं घे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच भात काढ, चांगली वाफ येईपर्यंत परतून घे आणि उरला तर पुन्हा ठेवू नकोस. रात्री जेवून तुम्ही तिघं सिनेमा लावून बसता आणि भात तसाच राहतो, हे मला माहीत आहे. तेवढं आधी उरकून मग बसा.

रविवारी तुम्ही चिकन आणता, त्याबद्दलही सांगते. नळाखाली धुऊ नकोस. नळाची धार पडली की कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि कोथिंबीर आपण वरून कच्चीच घालतो. चिकनमधले जंतू धुऊन जात नाहीत, नीट शिजवल्यावरच मरतात. हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर अजून शिजव. पिशवी फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेव, म्हणजे तिचं पाणी दह्यादुधावर गळणार नाही. कांदा-टोमॅटो आधी चिरून घे आणि मग त्याच फळीवर चिकन काप. उलट करायचं झालं तर आधी फळी, सुरी आणि हात साबणानं धू.

आता तब्येतीचं. आज साधी पेज किंवा मूगडाळीची खिचडी ताजी करून खा. पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली, ताप आला किंवा शौचातून रक्त गेलं, तर माझ्या फोनची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. खोलीतल्या दोघांनीही तोच भात खाल्ला होता का, ते विचारून मला कळव.

बाबांनी फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलाय, शनिवारी तुझ्याकडे येताना आणतील. ५ अंशांच्या वर गेला तर बटण फिरवून थंडावा वाढव.

तुझी,
आई