वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. महिनाभर चालायला निघतोयस हे वाचून हेवा वाटला. लेन्सचं विचारलंस. एकच ने, झूम नसलेली, ३५ मिलिमीटरची. तिसऱ्या दिवशी पाठ बोलायला लागते आणि झूम पिशवीच्या तळाशी जाते, ती तिथेच राहते. शिवाय झूम हाताशी असली की माणूस लांबूनच टिपायचा मोह होतो. ३५ ला जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेल्यावर बोलणं आलंच.

चोरून फोटो काढणाऱ्यांत मोठी मोठी नावं आहेत. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स लावली होती. समोरच्याला वाटे, हा भलतीकडेच बघतोय. वॉकर इव्हान्स १९३८ ते ४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा दडवून बसे. फोटो थोर आहेत, वाद नाही. पण रेल्वेतला माणूस पुढच्या स्टेशनावर उतरून जातो. लांबच्या वाटेवर सकाळी तुला मागे टाकून गेलेली बाई दुपारी झऱ्यापाशी पाय सोडून बसलेली दिसते आणि रात्री मुक्कामाला शेजारीच असते. तिचा फोटो चोरलास तर पुढचा आठवडा तोंड चुकवत चालशील!

मी पहिल्या भेटीत कॅमेरा काढतच नाही. दुसऱ्यांदा गाठ पडली की विचारतो. 'नको' म्हटलं की विषय संपला, कारणसुद्धा विचारायचं नाही. 'हो' म्हटलं की माणूस केस सारखे करतो, काठी सरळ धरतो, छाती काढतो. तो फोटो त्याचा, तो मनापासून काढायचा. मग कॅमेरा हातातच ठेवून गप्पा चालू द्यायच्या. पाठीवरची सॅक उतरवताना खांदे सैल पडतात, पायाच्या फोडांचा विषय निघतो, चेहरा जागेवर येतो. तो दुसरा फोटो तुझा.

दुपारी टोपीच्या सावलीत डोळे गडप होतात. सलग सावली शोध. झाडाखालच्या कवडशांनी चेहऱ्यावर डाग पडतात. काहीच नसेल तर त्याला उन्हाकडे पाठ करायला सांग आणि एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घे. मोबाइलने काढलास तर दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम कर, नाहीतर नाकच मोठं येतं. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री ती झोपायच्या पिशवीत घेऊन नीज.

अमेरिकेत सुमारे ३,५०० किलोमीटरचा अ‍ॅपलाचियन ट्रेल, म्हणजे चालायची पायवाट, आहे. त्यावर हार्पर्स फेरी नावाच्या गावात, ट्रेल सांभाळणाऱ्या संस्थेच्या दारात, चालणाऱ्यांचे फोटो काढून अल्बममध्ये लावायची रीत १९७९ पासून आहे. दार तेच, माणसं थकलेली, कलाकारी शून्य. मला मात्र सूर्यास्तासमोरच्या काळ्या आकृत्यांपेक्षा असे फोटो कितीतरी जास्त आवडतात.

नावं त्याच संध्याकाळी वहीत लिही, कारण आठवड्याने चेहरे आठवतात आणि नावं अदलाबदल होतात. फोटो पाठवायचा नसेल तर पत्ता मागूच नकोस. लोक खरंच वाट बघतात रे.

माझी पॉवर बँक हवी असेल तर निघायच्या आधी येऊन घेऊन जा. जड आहे, आधीच सांगतो.

तुझा,
विनू