नैराश्यावरच्या गोळ्या : सुरू करताना घेतो तेवढीच काळजी बंद करतानाही हवी

महोदय,

नैराश्य हा आजार आहे, तो लपवू नये, वेळीच डॉक्टरांकडे जावे, हे सांगणारा मजकूर आता वृत्तपत्रांतून नियमितपणे येतो. त्याचा उपयोग होतो हे मी रोज पाहते, कारण पूर्वी औषधांची जी चिठ्ठी लोक चार घड्या घालून, इकडेतिकडे पाहत पुढे करायचे, ती आता पुष्कळ जण सरळ हातात देतात. मात्र ती चिठ्ठी मिळाल्यानंतर पुढचे कित्येक महिने त्या गोळ्या घरी कशा घेतल्या जातात, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. फार्मासिस्ट म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, या औषधांच्या नावावर जमा होणाऱ्या त्रासापैकी मोठा भाग टाळता येण्यासारखा असतो. तो होतो गोळी मनाने सोडल्यामुळे, मनाने पुन्हा सुरू केल्यामुळे आणि ती चालू असल्याचे दुसऱ्या डॉक्टरांना न सांगितल्यामुळे. म्हणून हे पत्र.

पहिली अडचण सुरुवातीच्या आठवड्यांतच येते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काही तासांतच परिणाम करू लागतात, पण मन सावरण्यासाठी मेंदूत जे बदल व्हावे लागतात त्यांना साधारण दोन ते चार आठवडे आणि काहींच्या बाबतीत सहा आठवडेही लागतात. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोप उडणे किंवा उलट गुंगी येणे हे त्रास मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होतात. म्हणजे रुग्णाला आधी तोटा दिसतो आणि फायदा नंतर. हे आधी कोणी समजावून सांगितले नसेल, तर आठव्या-दहाव्या दिवशी ‘या गोळ्या मला मानवत नाहीत’ असे म्हणून पाकीट कपाटात जाते, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी तेच औषध सुचवले की रुग्ण ते आधीच करून पाहिल्याचे सांगतो. वास्तविक यातले बरेचसे त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतात. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेणे, झोप उडत असेल तर ती सकाळी घेणे, असे साधे बदल डॉक्टरांना विचारून करता येतात.

याच काळात एका गोष्टीकडे मात्र कानाडोळा करून चालत नाही. काही जणांना, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना, औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर विलक्षण अस्वस्थता, चिडचिड, एका जागी बसवत नाही अशी तगमग जाणवते आणि जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीनांसाठी या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. औषध घेऊच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. उपचाराविना राहिलेले नैराश्य स्वतःच जिवावर बेतू शकते. पहिले काही आठवडे घरातल्या कोणीतरी रोज जवळ बसून, स्पष्ट शब्दांत विचारपूस करावी आणि असे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, एवढाच याचा अर्थ आहे. त्याचप्रमाणे, काल-परवापर्यंत अंथरुणाला खिळलेला माणूस अचानक रात्र-रात्र न झोपता उत्साहाने भारल्यासारखा वागू लागला, बेसुमार खर्च करू लागला, तर ‘चला, गुण आला’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. आजार द्विध्रुवीय (बायपोलर), म्हणजे कधी नैराश्य तर कधी टोकाचा उत्साह अशा प्रकारचा असेल, तर केवळ नैराश्यावरच्या गोळीने तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. पूर्वी कधी असा काळ येऊन गेला असेल, किंवा घरात कोणाला हा आजार असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

आता मुख्य मुद्दा. नैराश्याचा रुग्ण गोळी सोडतो तो बहुधा बरे वाटू लागल्यावर. मध्यंतरी एक गृहस्थ चक्कर थांबवणारी गोळी मागायला आले होते. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, असे ते सांगत होते. मानेचा एक्स-रे झाला होता, कानाची तपासणी झाली होती, आणि दोन्हींत काहीच निघाले नव्हते. इतर कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर ते म्हणाले, “आता काहीच नाही. ती टेन्शनची गोळी होती, ती मागच्या आठवड्यात बंद केली. आता बरा आहे ना मी!” ती गोळी वेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाची होती आणि ती एका दिवसात पूर्ण थांबवली होती. एक्स-रे काढताना किंवा कान तपासताना त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि आपणहून सांगावे असे त्यांनाही वाटले नव्हते. त्यांना मी चक्करेची गोळी न देता त्याच दिवशी मूळ डॉक्टरांकडे पाठवले.

चक्कर, डोक्यात झटके, मळमळ, घाम, विचित्र व ठसठशीत स्वप्ने, विनाकारण रडू येणे, चिडचीड, झोप न लागणे ही औषध एकदम तोडल्याची लक्षणे आहेत. पॅरोक्सेटिन आणि वेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ती जास्त दिसतात. फ्लुओक्सेटिनचा अंश शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे तिथे कमी दिसतात. रुग्ण आणि घरचे इथे हमखास एक चुकीचा निष्कर्ष काढतात. एक तर ‘आजार उलटला’ असे समजून खचतात, किंवा ‘बघा, या गोळ्यांची सवय लागते’ असे म्हणून औषधालाच कायमचे नाव ठेवतात. औषध तोडल्याचा त्रास आणि उलटलेला आजार यांतला फरक बहुतेक वेळा काळावरून ओळखता येतो. औषध तोडल्याचा त्रास साधारणपणे दोन-चार दिवसांत सुरू होतो, त्यात पूर्वी कधी नव्हती अशी शारीरिक लक्षणे असतात आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर तो झपाट्याने कमी होतो. आजार मात्र सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू आणि ओळखीच्या वाटेने परत येतो. सवयीबद्दल म्हणाल, तर दारू किंवा काही झोपेच्या गोळ्यांसारखी तलफ या औषधांची लागत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. पण शरीर त्यांना सरावते, हेही तितकेच खरे आहे. रुग्णाला या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्यात. घाबरून तो औषध घेणार नाही म्हणून दुसरी गोष्ट दडवणे मला पटत नाही, कारण नंतर ती अनुभवाने कळली की त्याचा डॉक्टरांवरचाच विश्वास उडतो.

मग गोळी बंद कधी आणि कशी करायची? पहिल्यांदाच नैराश्य आले असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध त्याच डोसमध्ये चालू ठेवावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आजार पुन्हा पुन्हा येत असेल, तर हा काळ दोन वर्षे किंवा त्याहून अधिक असू शकतो. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत, पायरीपायरीने डोस उतरवायचा. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : डोस निम्मा केला म्हणजे मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. अगदी थोड्या औषधानेही परिणामाचा बराचसा भाग टिकून राहतो, आणि म्हणूनच शेवटच्या लहान डोसवरून शून्यावर येणे अनेकांना सगळ्यात जड जाते. वरच्या पायऱ्या सहज उतरलेला रुग्ण तिथे अडखळला, तर त्याच्या मनोबलाला दोष देऊ नये. डॉक्टरांशी बोलून तो टप्पा आणखी लहान करता येतो. एक दिवसाआड गोळी घेण्याचा लोकप्रिय उपाय शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या औषधांच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण त्यात रुग्ण दर दुसऱ्या दिवशी औषध तुटल्याचा त्रास भोगतो. शिवाय काही कॅप्सूल औषध सावकाश सोडणाऱ्या असतात. त्या चावून किंवा कुटून घेऊ नयेत आणि मनाने उघडून वाटूनही घेऊ नयेत. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

इतर औषधांबरोबर होणारा गोंधळ हा वेगळाच विषय आहे, पण त्यातही मूळ कारण न सांगणे हेच असते. हाड मोडले म्हणून ट्रॅमाडॉल मिळते, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप घरात असते, मायग्रेनसाठी सुमाट्रिप्टान दिलेले असते, क्षयरोगाच्या उपचारात कधी लिनेझोलिड येते. यातली काही औषधे डॉक्टर विचारपूर्वक एकत्र देतातही, पण नकळत एकत्र आली तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. हातपाय थरथरणे, खूप घाम, ताप, जुलाब, गोंधळलेपणा आणि स्नायू ताठरणे ही त्याची चिन्हे असून अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पतीही याला अपवाद नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही सेरोटोनिन लागते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन त्या औषधाचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून तिथे दुसरी गोळी निवडली जाते. वयस्कर माणसांत, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, रक्तातले सोडियम घटू शकते. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तोल जाऊन पडल्या, की घरचे ‘वय झाले’ म्हणतात. पण नवी गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर आधी सोडियम तपासून घ्यावे.

अनेकांना आपण नैराश्यावरचे औषध घेत आहोत हेच ठाऊक नसते, कारण ॲमिट्रिप्टिलिन अर्धशिशीसाठी आणि ड्युलोक्सेटिन मधुमेहातल्या पायांच्या आगीसाठीही दिले जाते. आणि एकाच औषधाची दोन कंपन्यांची, दोन नावांची पाकिटे दोन डॉक्टरांकडून आणून दोन्ही रोज घेणाऱ्या एक बाई मला चांगल्या आठवतात. ठळक छापलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते दोन्ही पाकिटांवर सारखेच होते. त्या बारीक अक्षरांतले नाव आणि डोस एका कागदावर लिहून तो कागद पैशांच्या पाकिटात बाळगावा, आणि दातांच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना तो दाखवावा.

कामेच्छा कमी होणे, हा या औषधांचा वारंवार आढळणारा त्रास आहे. रुग्ण त्याविषयी बोलत नाहीत, डॉक्टर विचारत नाहीत, आणि गोळी गुपचूप बंद होते. हा प्रश्न डॉक्टरांनीच आधी काढावा, अशी माझी त्यांना विनंती आहे, कारण डोस किंवा औषध बदलून यावर पुष्कळदा मार्ग निघतो. दिवस राहिल्याचे कळताच घाबरून त्या दिवशीच गोळ्या तोडणाऱ्या मुलींनाही हेच सांगावेसे वाटते : आधी डॉक्टरांना फोन करा, कारण गरोदरपणात आजार उलटणे हेही आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याचे असते.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. नैराश्यावरचा लेख जेव्हा छापाल, तेव्हा त्याच्याबरोबर एक लहान चौकट द्यावी. तिच्यात औषधाचा गुण यायला किती आठवडे लागतात, कोणती लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे, आणि गोळी एकदम का तोडायची नाही, एवढे असावे. उरलेल्या गोळ्या घरात साठवून ठेवू नयेत, हेही त्यात असावे. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गटातल्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या गेल्या तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे ज्या घरात कोणी निराशेने ग्रासलेले आहे किंवा लहान मूल आहे, तिथे त्या कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात आणि थोड्याथोड्या दिवसांच्याच आणलेल्या असाव्यात.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट वाचक