हिरवं कंडिशनर आणि सोलापूरचा तांब्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पर्यावरणपूरक कंडिशनर निवडण्याबद्दलचा लेख मी काल, म्हणजे सोमवारी वाचला. उशीर होण्याचं कारण तुम्हीच आहात. पुरवणीच्या पहिल्या पानावर तुम्ही कंडिशनरची फुकट पुडी चिकटवून पाठवलीत. ती सोडवताना पान फाटलं आणि मागच्या बाजूचं शब्दकोडं निम्मं पुडीबरोबर गेलं. आमच्या घरातल्या माणसाचा रविवार शब्दकोड्यावर चालतो. त्यांनी पुरवणी रद्दीत टाकली, ती मी दुसऱ्या दिवशी उपसून काढली. लेख पर्यावरणाचा आणि पुडी प्लास्टिकची, हा योगायोग तुमच्या कार्यालयात कुणाच्याच लक्षात आला नसावा.

लेखिकाबाईंवर माझा राग नाही. मी सोलापुरात चोवीस वर्षं पार्लर चालवते, त्यामुळे त्यांचं बरंचसं पटलंही. कंडिशनर मुळांना न लावता टोकांना लावा, हे त्यांनी छापील सांगितलं ते बरं झालं. माझं सांगून सांगून तोंड दुखलं. पण पुढे ‘वाहत्या पाण्याखाली तीन मिनिटं केस स्वच्छ धुवा’ असं वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

बाई, वाहतं पाणी कुठून आणू? आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेही कधी रात्री दोनला. मधले दिवस बोअर नाहीतर टँकर. बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की गिझरची कॉइल दरवर्षी बदलते आणि स्टीलच्या बादलीला आतून पांढरा थर धरतो. तोच थर केसांवर बसतो, केस काथ्यासारखे होतात, मग बायका येऊन म्हणतात, ताई, काहीतरी चांगलं कंडिशनर सांगा. म्हणजे कंडिशनर लागतं पाण्यामुळे आणि ते धुवायलाही पाणीच लागतं. लेखात पाणी किती लागेल याचा हिशेब शोधला. पाच बाटल्यांचे फोटो आणि किमती होत्या, हिशेब नव्हता.

माझ्याकडे तो असतो. पार्लरमध्ये शॉवर आहे, पण मे महिन्यात त्याचा उपयोग टॉवेल अडकवण्यापुरता. आम्ही तांब्याने धुतो. खांद्यापर्यंतच्या केसांचं साधं कंडिशनर पाच तांब्यांत निघतं. गेल्या मेमध्ये एक मुलगी भावाच्या लग्नाआधी आली, केस कमरेपर्यंत. स्वतःची बाटली घेऊन आली होती, पुण्याहून आणलेली, साडेआठशे रुपयांची. बाटलीवर पानं काय, थेंब काय, ‘नॅचरल’, ‘प्लॅनेट फ्रेंडली’ असं सगळं. म्हणाली, ताई, केमिकलवालं नको, हेच लावा. लावलं. पाच तांबे झाले, सात झाले, नऊ झाले, हाताला केस बुळबुळीतच. अकराव्या तांब्याला बादली संपली. माझी मदतनीस मुलगी खालच्या शिंपीमामांकडून कळशी मागून घेऊन आली आणि तोवर ती मुलगी मान मागे टाकून बेसिनवर तशीच. मान अवघडली म्हणून शेवटी मलाच बोलणी बसली. बाटलीला कोण बोलणार!

ती गेल्यावर बाटली राहिली होती, ती घेऊन बसले. घटकांची यादी कुठे, तर किमतीच्या स्टिकरखाली! स्टिकर ओला करून नखाने खरवडला, मोबाइलने फोटो काढून मोठा केला. नियम असा आहे की जे जास्त घातलं ते यादीत आधी यायला हवं आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली द्रव्यं शेवटी कशाही क्रमाने लिहिली तरी चालतात. यादीत पाणी, मग सिटिअरिल अल्कोहोल, मग डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉन. बुळबुळीचं गुपित तिसऱ्या नंबरवर बसलं होतं. समोर मोठ्या अक्षरांत मिरवणारी कोरफड फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर. ते टिकवण्याचं द्रव्य, एक टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही. म्हणजे कोरफड जास्तीत जास्त एक टक्का, कदाचित दाखवण्यापुरती. साडेआठशे रुपयांत कुंडीतली कोरफड आयुष्यभर पुरली असती.

(यादीतल्या अल्कोहोलला घाबरू नका, बरं का. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, केस कोरडे करणारं स्पिरिट नव्हे. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी त्या एका शब्दापायी चांगल्या बाटल्या परत केल्यात.)

आणि ‘सल्फेट-फ्री’चं काय कौतुक? सल्फेट असतं शाम्पूत, फेस व्हावा म्हणून. कंडिशनरला फेस लागतच नाही. कंडिशनरवर ‘सल्फेट-फ्री’ छापणं म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखर नाही’ छापण्यासारखं आहे. हिरव्या ठिपक्याचंही तेच. दुकानातला पोरगा मला सांगतो, मॅडम, हिरवा ठिपका आहे, म्हणजे इको-फ्रेंडली. अरे बाबा, तो शाकाहाराचा ठिपका! केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द पुरावा आणि खुलासा न देता वापरायचे नाहीत, असं त्यांत आहे. असा लेख छापताना तुम्ही जाहिरात विभागाला ती तत्त्वं वाचायला द्यावीत, ही नम्र विनंती. लेखाच्या शेजारच्या पानावर जी अर्ध्या पानाची जाहिरात होती, तिच्यातलं विशेषण न् विशेषण त्या यादीत सापडेल.

आता खरं दुखणं सांगते. लेखिकाबाई पुण्याच्या, हे त्यांच्या परिचयावरून कळलं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेत येतं, भीमेचं पाणी उजनीत साठतं आणि उजनीचं पाणी आम्ही सोलापूरकर पितो. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पुण्यात बाटलीवर वाचायचा असतो, आमच्याकडे तो नळातून येतो, तोही पाच दिवसांनी. केस मऊ करणारी बेहेनट्रायमोनियमसारखी द्रव्यं केसाला चिकटून बसतात, त्यांचं कामच ते. धुतल्यावर ती शुद्धीकरण केंद्रात गेली, तर गाळात बरीचशी अडकतात. पण न शुद्ध करता नाल्यातून नदीत गेली, तर शेवाळाला नि माशांना बाधतात. सिलिकॉनमधल्या डी-4 आणि डी-5 या दोन प्रकारांवर युरोपने धुऊन टाकायच्या प्रसाधनांसाठी 2020 पासून 0.1 टक्क्याची मर्यादा घातली, कारण ती पाण्यात टिकून राहतात. हे लेखात यायला हवं होतं. त्याऐवजी ‘धरणीमाता’ तीनदा आली.

‘आजी वापरायची तेच वापरा’ हेही आलंच. आजी आठवड्यातून एकदा न्हायची, हे मात्र कुणी लिहीत नाही. रिठा, शिकेकाई मीही वापरते, जास्वंदीची पानं कुस्करून त्यांचा बुळबुळीत रस लावते. तो दोन-तीन तांब्यांत निघतो, म्हणून जास्त आवडतो. पण झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी सांगू नये. रिठा कुटून ओढ्यात टाकायचा आणि गुंगलेले मासे धरायचे, ही पद्धत जुनी आहे. मासा आधी लेबल वाचून मग मरत नाही.

मी गिऱ्हाइकांना काय सांगते ते विचाराल म्हणून लिहिते. आदल्या रात्री टोकांना खोबरेल. (त्याने केसातलं प्रथिन कमी जातं, असं 2003 मध्ये मुंबईत तपासून छापलं गेलंय. तपासणारे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, पण माझा चोवीस वर्षांचा अनुभव फुकटचा आहे आणि तोही तेच सांगतो.) धुऊन झाल्यावर शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू, बोअरच्या पाण्याचा खरखरीतपणा त्याने बराच जातो. एवढ्याने भागलं नाही तर सिलिकॉन नसलेलं, कमी वासाचं, साधं कंडिशनर, सुपारीएवढं. बाटली शक्यतो मोठी, आणि संपली की भंगारवाल्याला. तो ती घेतो. पुडी घेत नाही.

पुडीवरून आठवलं. तुमच्या त्या फुकट पुडीवर घटकांची यादीच नव्हती. एवढ्या लहान पाकिटाला ती छापायची सक्ती नसते म्हणे. तरी फोडली, मदतनीस मुलीच्या वेणीच्या टोकाला लावून पाहिली. एका वेणीला चार तांबे लागले. पुडी मी धुऊन ठेवली आहे. तुमच्या प्रत्येक अंकाला अशी एक चिकटली असेल, तर सोमवारी गटारीत किती गेल्या असतील ते तुमच्या वितरण विभागाला विचारा.

आणि ते शब्दकोडं कृपया पुन्हा छापा. सोमवारच्या अंकात तुम्ही त्याची उत्तरं दिलीत, पण प्रश्न पुडीला चिकटून गेले. आमच्याकडे कालपासून नुसती उत्तरं वाचून प्रश्न काय असेल यावर वाद चाललाय आणि स्वयंपाक मला एकटीला करावा लागतोय.

आपली,
एक पार्लरवाली वाचक, सोलापूर