ताटात काय येतं, ते कोण ठरवतं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे आपल्या पुरवणीत नोकरदार माणसांच्या खाण्यावर लेख येत आहेत. मी ते कापून ठेवले आहेत. लिहिणारे जाणकार आहेत आणि मजकूरही खरा आहे, पण प्रत्येक लेख शेवटी एकाच जागी येऊन थांबतो: जिभेवर ताबा ठेवा. तिथे मी अडते. नारायण पेठेत मी २७ वर्षं खानावळ चालवली. दोन्ही वेळचे मिळून शंभरावर लोक जेवायचे. एवढ्यांना वाढताना मला जे दिसलं, त्यात जिभेचा वाटा आपण समजतो त्याहून बराच लहान होता.

पालेभाजीचंच घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या २००० कॅलरींच्या जेवणात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. म्हणजे चौघांच्या घरात रोज १ किलो ६०० ग्रॅम. ही भाजी मंडईतून आणायची, निवडायची, तीन पाण्यांतून धुवायची, चिरायची. मेथीची एक मोठी जुडी निवडायला सवयीच्या हातालाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. पावसाळ्यात चिखलाने भरलेली असली तर त्याहून जास्त. खानावळीत भाजी निवडायला मी दोन बायका ठेवल्या होत्या, म्हणून आठवड्यातून तीनदा पालेभाजी व्हायची. त्यातली एक गावी गेली की तो आठवडा कोबी-बटाट्यावर निघायचा. जेवणाऱ्यांना वाटायचं, काकूंना कंटाळा आला. हिंजवडीहून रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या नवराबायकोला मेथी चांगली असते हे ठाऊक आहे. ती निवडायला त्यांच्या घरी कोण आहे, एवढं लेख लिहिणाऱ्यांनी एकदा विचारावं.

भाकरीचंही तसंच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा ज्वारी-बाजरीकडे परत चला असं सगळीकडे छापून येत होतं. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बीड, लातूर, सोलापूरकडची मुलं जेवायची. भाकरी नको म्हणणारा त्यांच्यात एकही भेटला नाही. दर गुरुवारी भाकरी, पिठलं आणि ठेचा असायचा, त्या दिवशी रांग जिन्याखाली जायची. मग मी रोज भाकरी का केली नाही? गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचा चिवटपणा असतो, ज्वारीच्या पिठात तो नसतो. पोळी लाटून, तेलाचं बोट लावून डब्यात एकावर एक ठेवली तर रात्रीपर्यंत मऊ राहते. भाकरी मात्र तव्यावरून ताटात यायला हवी. सकाळची भाकरी संध्याकाळी डबा उघडेपर्यंत वाळून मोडायला लागते. शिवाय एका बाईच्या हातून तासाभरात जेवढ्या पोळ्या होतात, त्याच्या निम्म्याही भाकऱ्या थापून होत नाहीत. डब्यावर जगणाऱ्या या शहरात पोळी रुळली ती अशी. त्यात रेशनचीही भर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे, पण आमच्या भागातल्या दुकानात मला वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच दिसले. २०२३ पासून हे धान्य मोफत मिळतं. जे घरात फुकट आलं आहे तेच आधी शिजणार, ज्वारी विकत आणावी लागते.

आता रात्रपाळी. लातूरचा एक मुलगा शिकत असल्यापासून माझ्याकडे मेस लावून होता. पुढे परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्या कंपनीत लागला. संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. डबा तो पाचला जेवून जायचा आणि रात्री एकला भूक लागली की कंपनीच्या फाटकाबाहेर भुर्जी-पाव, वडापाव आणि चहा एवढंच उघडं असायचं. आठ-नऊ महिन्यांत वजन वाढलं, पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याची आई मला फोन करून म्हणायची, "ताई, बाहेरचं खाऊ नको म्हणून सांगा त्याला, तुमचं ऐकतो तो." मी काय सांगणार होते? रात्री एक वाजता त्याला वरण-भात कोण वाढणार होतं? माझी भाची आहारशास्त्र शिकते. तिने मला समजावलं की झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन शरीरात वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन घटतं. तिनेच अमेरिकेतल्या २०१९ च्या एका प्रयोगाचं सांगितलं. २० मोठ्या माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, स्वयंपाकघरात रांधलेलं. समोर मांडलेल्या जेवणात साखर, मीठ, स्निग्धांश, चोथा यांचा मेळ दोन्ही वेळी सारखाच ठेवला होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तरी तयार अन्नाच्या दिवसांत ही माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. ही सगळी माणसं एकाएकी हावरट झाली होती असं कोणी म्हणणार नाही.

माझ्या खानावळीतही मी नकळत एक प्रयोग केला. सुरुवातीला कोशिंबिरीचं पातेलं वाढपाच्या टेबलावर शेवटी, ताकाशेजारी असायचं. तिथे पोचेपर्यंत ताट भरलेलं असे आणि निम्मी कोशिंबीर रोज उरायची. एकदा जागा कमी पडली म्हणून ते पातेलं अगदी पुढे, ताटांजवळ ठेवलं. त्या आठवड्यात तीन दिवस कोशिंबीर कमी पडली. तीच काकडी, तेच दाण्याचं कूट, जेवणारेही तेच. त्यानंतर पातेलं मी पुढेच ठेवलं. उलट टेबलावरच्या मिठाच्या वाट्या काढून घेतल्या आणि मागेल त्यालाच मीठ द्यायला लागले. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मला फार नंतर कळलं. मीठ मागणारे दहात दोन निघाले. बाकीचे वाटी समोर होती म्हणून घेत होते.

संपादक महोदय, यापुढचं लिहायला मला थोडं जड जातं. इतक्या लोकांच्या जेवणाची वेळ सांभाळणारी मी स्वतः दुपारी चारला जेवायचे. सगळ्यांचं झाल्यावर, आणि उरलं असेल ते. भाजी संपलेली असली तर पोळी आणि चटणी, कधी सकाळचा फोडणीचा भात. टाकून द्यायला जीव होत नसे. पन्नाशीत मधुमेह निघाला. एका दवाखान्यात मला छापील तक्ता मिळाला, इंग्रजीतला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. मी तो देवघराच्या खणात ठेवला आणि दीड वर्ष माझ्या जेवणात काहीही बदललं नाही. पुढे दुसरीकडे एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीने कागद काढायच्या आधी विचारलं, "काकू, तुम्ही जेवता कधी? आणि तुमच्यासाठी ताट कोण वाढतं?" त्या प्रश्नाने मला रडू आलं. तिने एवढंच ठरवून दिलं की माझं ताट साडेबाराला आधी वाढून झाकून ठेवायचं आणि एकला बसून जेवायचं. पदार्थ तेच राहिले. साखर आटोक्यात यायला तिथून सुरुवात झाली.

मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याची कारणं अनेक आहेत, हे मला कळतं. पण शेवटी जेवायचं आणि उरलेलं संपवायचं, ही रीत मी आमच्या पेठेत घरोघरी पाहिली आहे. चांगल्या शिकलेल्या घरांतही.

म्हणून दोन विनंत्या. पुढची लेखमाला काढाल तेव्हा कंपन्यांच्या उपाहारगृहांत आणि फाटकांबाहेर रात्री एक वाजता बातमीदार पाठवा. तिथे काय मिळतं, केवढ्याला मिळतं, ते छापा. रात्रपाळी लावणाऱ्या कंपनीने रात्री गरम जेवण द्यावं, असं आपण ठामपणे लिहावं. दुसरी विनंती महापालिकेला, आपल्यामार्फत. शेतकरी आठवडे बाजार चांगले आहेत, पण वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे राहणारा माणूस घरी येतो त्या वेळेला, म्हणजे रात्री नऊपर्यंत, ते उघडे राहिले पाहिजेत. तिथेच बचतगटांच्या बायकांना निवडलेली, धुतलेली भाजी विकायला गाळा द्या. दोन बायकांना रोज किती जुड्या निवडता येतात, त्यांना काय मजुरी पडते आणि भाव काय ठेवावा लागेल, हा हिशेब माझ्या जुन्या वह्यांत आहे. कोणाला हवा असेल तर मी आनंदाने बसून समजावून सांगेन.

आपली,
एक जुनी खानावळवाली
नारायण पेठ, पुणे ३०