चौकावर काच टाकली की चौक उरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या वास्तू पुरवणीतला उष्ण हवेतल्या चौकाच्या, म्हणजे मधोमध आकाशाला उघडं अंगण असलेल्या, घरांवरचा लेख वाचला. या विषयाला तुम्ही पानभर जागा दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखासोबतचं मोठं छायाचित्र पाहून संताप आला. चौकावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेचं पक्कं छत, कुठेही उघडझाप नाही, आणि खाली ओळ काय, तर 'नैसर्गिक गारवा देणारा चौक'. ही ओळ लिहिणाऱ्याने भर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता त्या छताखाली उभं राहून पाहिलं आहे का?

मी उभी राहिले आहे. थोरल्या भावाने घर बांधलं तेव्हा वहिनीने वास्तुरचनाकाराला स्पष्ट सांगितलं होतं की चौक उघडा हवा, चोरांची भीती आहे तर वर लोखंडी जाळी टाका. नकाशातही जाळीच होती. शेवटच्या टप्प्यात त्यांनी परस्पर पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे, पारदर्शक पत्रे बसवून घेतले. विचारलं तर म्हणाले, 'पाऊस आत आला की तक्रार माझ्याकडेच येणार.' कडेने चार बोटं फट होती, तीही कबुतरं येतात म्हणून ठेकेदाराने बुजवून टाकली. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या कठड्याला हात लावता येईना. ज्या खिडक्यांनी खोल्यांतली गरम हवा चौकात सोडायची, त्यांतूनच झळा आत यायला लागल्या, म्हणून त्या कायमच्या बंद झाल्या. मग एसी आले. आणि दर्शनी भिंत वाईट दिसेल म्हणून एसीची बाहेरची यंत्रं कुठे बसवली? त्याच झाकलेल्या चौकात! खोल्यांतली उष्णता उपसून चौकात ओतायची आणि तिला वर जायला वाट ठेवायची नाही. वहिनी हे पहिल्या दिवसापासून सांगत होती, पण तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही.

चौकाचं खरं काम रात्री चालतं. दिवसभर तापलेली फरशी आणि भिंती रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हे फार चांगलं होतं. गार झालेली जड हवा चौकाच्या तळाशी साचते, खालच्या खोल्यांत शिरते, जाड भिंतींना गारवा देते, आणि त्या भिंती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तग धरतात. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता बाहेर सोडत नाही. पॉलिकार्बोनेटचंही तेच. छताला वारा जायला वाट नसेल तर तो चौक म्हणजे हरितगृहच झाला. थंड प्रदेशात लोक मुद्दाम असं करतात, तिथे ते योग्यच आहे. उष्ण प्रदेशात त्याला पर्यावरणस्नेही म्हणणं ही वाचकांची दिशाभूल आहे.

लेखात हसन फथी आणि चार्ल्स कोरिया या वास्तुरचनाकारांची नावं आदराने घेतली आहेत. इजिप्तमध्ये लक्झरजवळ नव्या गुर्ना या गावात फथींनी १९४० च्या दशकात मातीच्या विटांची घरं बांधली, त्यांची अंगणं आकाशाला उघडी होती. कोरिया तर आयुष्यभर आकाशाला खुल्या जागेबद्दलच बोलत आणि लिहीत राहिले. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या नवी मुंबईतल्या बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरं एकेका लहान उघड्या अंगणाभोवती आहेत. या दोघांची नावं काचेच्या छताशेजारी छापताना कुणालाच काही खटकलं नाही?

दुपारच्या उन्हाचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तिथे चौक कितीही अरुंद आणि खोल केला तरी भर दुपारी ऊन तळापर्यंत पोचतंच. पण त्यावरचा उपाय जुना आहे. स्पेनमध्ये सेव्हिल, कोर्दोबाकडे चौकावर कापडी छत ओढतात आणि संध्याकाळी सारून ठेवतात. दिवसा सावली, रात्री आकाश. डासांसाठी जाळी खिडक्यांना लावावी, पावसासाठी चौकाच्या तळाला नीट उतार आणि निचरा द्यावा. यातलं काहीच अवघड नाही, फक्त घर वापरणाऱ्यांनी सकाळी खिडक्या बंद करायच्या आणि रात्री उघडायच्या, एवढं लक्ष हवं. दमट हवेत मात्र रात्रीचा हा गारवा कमी पडतो. तिथे आरपार वारा खेळणं जास्त महत्त्वाचं. तुमच्या लेखाने कोरडी आणि दमट हवा एकाच वाक्यात गुंडाळली आहे.

आता लेखासोबतच्या घराच्या नकाशाबद्दल. एक तर तो इतका बारीक छापला आहे की खोल्यांची नावं भिंग लावूनही वाचता येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्यावर उत्तर दिशेचा बाणच नाही. इराणमधल्या यझ्दच्या जुन्या घरांत उन्हाळ्याची बैठक चौकाच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून असते, आणि हिवाळ्याची बरोबर समोर. माणसं ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवत. तिथे दिशेवरच सगळं ठरतं. दिशा न दाखवलेल्या नकाशावरून वाचकाने काय शिकायचं? वास्तू पुरवणीच्या नकाशांत हा बाण गाळण्याची ही पहिलीच वेळ नाही.

छायाचित्राखालची ओळ चुकीची होती, एवढं तरी पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावं. त्या घराचा नकाशा दिशेसह, वाचता येईल एवढा मोठा पुन्हा द्यावा, आणि सोबत चौकातून घेतलेला उभा छेदही, म्हणजे घर वरपासून खालपर्यंत कापल्यासारखं दाखवणारं चित्र. छताला वारा जायला कुठे जागा आहे का, हे त्यातच कळेल. घर बांधायला निघालेले लोक असे लेख कापून वास्तुरचनाकारांपुढे ठेवतात. आमच्या भावानेही ठेवला होता.

आपली,
एक नियमित वाचक