रोबो आला म्हणून माणसे कमी करू नका

महोदय,

वृद्धांच्या देखभालीत रोबो येत आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवणारे यंत्र मला हवेच आहे. त्या कामात सेवकांच्या कमरेची वाट लागते. माझी हरकत सोबतीच्या रोबोला आहे. जपानमध्ये बनलेला ‘पारो’ सीलच्या पिल्लासारखा दिसतो. पाठीवरून हात फिरवला की डोळ्यांची उघडझाप करतो, आवाज काढतो. अमेरिकेने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण मानले. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना त्याने बरे वाटते, हे खरे. पण त्यांच्यापैकी जो त्याला जिवंत समजतो, त्याची फसवणूक होतेच ना?

याहून मोठी भीती घरच्यांची वाटते. गोळीची आठवण रोबो करतो, पडल्यास फोनवर सूचना येते. मग ‘सगळं ठीक आहे’ म्हणत भेट पुढच्या आठवड्यावर जाते. अंघोळ घालणाऱ्या बाईला माकडहाडापाशी लाल झालेली कातडी दिसते, पायांची सूज दिसते, ताटात तसेच राहिलेले जेवण खटकते. ती बोलता बोलता विचारते आणि मनातले दुखणे बाहेर येते. यंत्र नेमून दिलेले तेवढेच पाहते. शिवाय त्याचा कॅमेरा कपडे बदलतानाही चालू असतो का, हे त्या वृद्धाला कोणी सांगते का?

वृद्धाश्रमांना रोबोची परवानगी देताना सेवकांची संख्या घटवणार नाही, अशी लेखी अट घालावी. आणि तो बंद करण्याचा अधिकार आधी त्या वृद्धाकडे असावा, मुलांकडे नंतर.

– एक वाचक