खोडरबर जरा बाजूला ठेवू द्या

महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीचे वर्ग सुरू झाले की आमच्या तालुक्यातील शाळांमध्ये पेन्सिलीच्या आधी खोडरबर संपतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुले रेघ पुरी होण्याआधीच ती पुसायला घेतात. घरून आणि शाळेतूनही ‘कागद घाण करू नको’ एवढेच बजावले जात असल्याने त्यात त्यांचा दोष नाही.

वस्तुचित्रातला साधा गडवा घ्या. त्याचे तोंड गोल असले तरी समोर बसलेल्या मुलाला ते लंबवर्तुळाकार दिसते. मुले मात्र त्या लंबवर्तुळाची दोन्ही टोके डोळ्याच्या कोपऱ्यासारखी टोकदार काढतात, आणि गडवा पाटावर टेकलेला आहे म्हणून त्याचे बूड सरळ आडव्या रेघेने मिटवून टाकतात. वास्तविक बूड नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळणदार दिसायला हवी. ही चूक लगेच पुसली तर हात पुन्हा तीच रेघ ओढतो, कारण मधल्या वेळात मुलाने गडव्याकडे पाहिलेलेच नसते. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी, हलक्या हाताची रेघ काढली, तर किती आणि कुठे चुकले हे समोर राहते. लिओनार्दो दा विंचीची, मांजर कवटाळणाऱ्या बाळाची कच्ची रेखाटने पाहिली तर तेथेही रेघांवर रेघा चढलेल्या दिसतात. शिवाय पेन्सिल दाबून ओढलेली रेघ पुसली तरी तिची खाच राहते, घासलेल्या जागी कागदाची लव उठते आणि नंतर जलरंग नेमका तेथेच मुरून डाग पडतो, तो वेगळाच.

आम्हा शिक्षकांची एक खोड याहून वाईट आहे. मुलाचे चुकले की आम्ही त्याच्याच कागदावर पेन्सिल चालवतो. चित्र देखणे होते, पालक खूश होतात, पण मुलाच्या हाती काही लागत नाही. दुरुस्ती दाखवायचीच तर ती वेगळ्या कपट्यावर दाखवावी आणि पुढचे काम त्याच्यावर सोडावे, मग तास संपला तरी चालेल. या परीक्षांमुळे मिळणाऱ्या दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा असलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटेल, याची कल्पना आहे.

कागद महाग पडतो, ही पालकांची तक्रार मात्र खरी आहे, विशेषतः सोयाबीन घरात येण्याआधीच्या दिवसांत. त्यासाठी शाळांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद सरावाला द्यावेत, त्यांवर नीटनेटकेपणाचे गुण देऊ नयेत आणि परीक्षा होईपर्यंत ते रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती आहे.

एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ